नक्षी जिथे, तिथेच ग्लेझ गोळा होतंय?

भट्टी उघडली की माझी नजर आधी वरच्या शेल्फवरच्या कपांकडे जाते. त्या दिवशी सहाच्या सहा कपांवर एकच प्रकार होता. ब्रशने निळी वेल काढली होती. तिच्या पानांवरून पांढरं ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काच होणारा वरचा लेप, मागे सरकलं होतं, कडेला जाड वळी करून बसलं होतं आणि पान उघडं पडलं होतं. कोरडं, काळपट, हाताला खरखरीत. देठ बारीक होते, ते नीट झाकले गेले होते. पानं मात्र मी दोन-तीन हात देऊन भरली होती आणि घोळ नेमका तिथेच.

पहिल्या वेळी म्हटलं, धूळ असेल. दुसऱ्या वेळी ग्लेझची रेसिपी बदलली. तिसऱ्या वेळी बिस्कचं, म्हणजे ग्लेझआधीच्या पहिल्या भाजणीचं, तापमान उतरवलं. चौथ्या भट्टीतही तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं माझं चाललं होतं. पुरावा तर पहिल्या दिवसापासून समोर होता. त्याच कपावर, त्याच बादलीतलं, त्याच आचेत भाजलेलं ग्लेझ नक्षी नसलेल्या जागी नितळ बसलं होतं. मग दोष बादलीत कसा असेल?

या दोषाला क्रॉलिंग म्हणतात. ग्लेझ आक्रसून गोळा होतं आणि खालची माती उघडी पडते. कारणं पाच-सहा आहेत आणि ती एकमेकांत मिसळतात, म्हणून सांगणारे दहा जण दहा उपाय सांगतात. मी आता एकच गोष्ट आधी करते. उपायांची यादी बाजूला ठेवते आणि ग्लेझ नेमकं कुठे गोळा झालंय ते बघते. जागा बरंच काही सांगून जाते.

फक्त नक्षीवर असेल, तर रंगाचा थर. कपाचा कान जिथे जोडलाय तिथे, आतल्या कोपऱ्यात किंवा खोदलेल्या रेषांच्या खाचेत असेल, तर ग्लेझचा जाड थर. बोटांच्या ठशाएवढे गोल डाग असतील, तर तेलकट हात. भांडंभर तळ्यातल्या भेगाळलेल्या गाळासारखी बेटं झाली असतील, तर ग्लेझमधली माती किंवा एकूण जाडी. आणि एकाच भट्टीतली, एकाच दिवशी घाईने भरलेली सगळी भांडी बिघडली असतील, तर ओलावा.

हे खरंच क्रॉलिंग आहे का, तेही एकदा पाहून घ्या. उघड्या जागेची कड गोलसर, गुळगुळीत, आत वळलेली असेल तर क्रॉलिंग. कड धारदार असेल, पातळ खपली निघाल्यासारखी आणि तीही बहुधा काठावर किंवा कानाच्या कडेला, तर ते ग्लेझ आणि मातीच्या आकुंचनाचं भांडण आहे. त्याचा उपाय वेगळा, आणि त्या खपल्या हाताला लागतात, सांभाळून. टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील तर तोही निराळा आजार, त्याबद्दल पुढे दोन ओळी आहेत.

बिघाड कधी होतो?

भट्टी उघडल्यावर आपल्याला फक्त निकाल दिसतो. सुरुवात बहुतेक वेळा भट्टी पेटण्याआधीच झालेली असते. ग्लेझ वाळताना आकसतं. खालच्या थराला घट्ट धरून असेल तर ताण सोसतं, नसेल तर बारीक भेग पडते किंवा थर किंचित उचलला जातो. डोळ्यांना तो चिकटलेलाच दिसतो, पण खाली पोकळी असते. मग भट्टीत ग्लेझ वितळायला लागतं. वितळलेल्या काचेला पृष्ठताण असतो, ती स्वतःकडे ओढली जाते. खालच्या मातीला तिने भिजवलं असेल तर पसरते. नसेल, तर अळवावरच्या पाण्यासारखी गोळा होते. भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींपासून दूर सरकतात आणि केसाएवढ्या भेगेचं नखाएवढं टक्कल होतं.

म्हणून तपासणी कच्च्या ग्लेझवर करायची. ग्लेझ लावून भांडं पूर्ण वाळलं की अंधाऱ्या कोपऱ्यात न्या आणि टॉर्च जवळजवळ भांड्याला टेकवून तिरका धरा. समोरून मारलेल्या उजेडात भेगा दिसत नाहीत, तिरक्या उजेडात त्यांच्या सावल्या पडतात. नक्षीच्या भागावर नख अलगद फिरवा. आवाज पोकळ आला किंवा पापुद्रा उचलला गेला, तर भट्टी लावून उपयोग नाही, निकाल हातात आलेला आहे. नुसत्या केसासारख्या भेगा असतील आणि थर पक्का असेल, तर कोरड्या बोटाने हलकेच चोळून त्या बुजवता येतात. यासाठी मास्क लावा. ग्लेझच्या भुकटीत सिलिका असते आणि ती फुप्फुसातून परत येत नाही.

कच्चं ग्लेझ निर्दोष दिसलं आणि तरीही भट्टीत गोळा झालं, तर कारणं तीनच उरतात: ओलावा, न वितळणारा रंग, किंवा मुळात ताठ वितळणारं, सहज न पसरणारं ग्लेझ.

पाण्याचा थेंब

आता माझ्या वेलीकडे. नक्षीवरच गोळा होणाऱ्या ग्लेझसाठी एक चाचणी आहे. तिला काही लागत नाही आणि मिनिटभरात होते. नक्षी काढलेलं, पण अजून ग्लेझ न लावलेलं बिस्क, म्हणजे एकदाच भाजलेलं भांडं घ्या. पाण्याचा एक थेंब कोऱ्या भागावर ठेवा, दुसरा रंग भरलेल्या भागावर. कोऱ्या भागावरचा थेंब क्षणात शोषला जाईल. रंगावरचा थेंब काय करतो ते बघा.

तो तसाच फुगून बसून राहिला, तर रंगातल्या गोंदाने बिस्कची छिद्रं बंद केली आहेत. तयार अंडरग्लेझमध्ये, म्हणजे ग्लेझखाली लावायच्या रंगात, ब्रश सरसर चालावा म्हणून गोंद घातलेला असतो. एका हाताला काही बिघडत नाही, तीन हातांनंतर तिथे जवळजवळ वॉर्निश झालेलं असतं. ग्लेझ बिस्कवर चिकटतं ते बिस्क पाणी ओढून घेतं म्हणून. पाणी ओढणं बंद झालं की ग्लेझ नुसतं वर तरंगतं, उशिरा वाळतं आणि वाळताना सुटतं.

थेंब शोषला गेला, तर तीच जागा वाळल्यावर बोटाने पुसा. बोटाला रंग आला? मग थर भुसभुशीत आहे. सुट्या चुन्याच्या भिंतीवर रंग मारला की पोपडे निघतात, तोच प्रकार. ग्लेझ रंगाला चिकटलं, पण रंगच मातीला चिकटलेला नाही.

माझा कप दुसऱ्या प्रकारातला निघाला. मी स्टेनची, म्हणजे तयार मिळणाऱ्या भाजणीच्या रंगाची, पूड नुसत्या पाण्यात कालवून वापरत होते. पाण्यात कालवलेली पूड बिस्कवर छान उमटते, फोटोही सुंदर येतो, पण ती असते नुसती धूळच. त्यात माझं निळं कोबाल्ट आणि अ‍ॅल्युमिनाचं होतं. अ‍ॅल्युमिना असलेलं स्टेन १२००-१३०० अंशांना स्वतः वितळत नाही, दाट थरात ते वरच्या ग्लेझलाही ताठ करतं. हिरव्या क्रोमची तऱ्हा त्याहून वाईट. क्रोमिअम ऑक्साइडचा वितळणबिंदू २४०० अंशांच्या वर आहे आणि ग्लेझमध्ये ते अगदी थोडंच विरघळतं. गडद हिरवी पानं भरून काढणाऱ्यांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो, यात नवल नाही. रुटाइलचा, म्हणजे टायटॅनियमच्या खनिजाचा, दाट हातही असाच वागतो.

उलट कोबाल्ट, तांबं आणि मँगनीज यांची साधी ऑक्साइडं ग्लेझला पातळ करतात. त्यांचा हात जड झाला तर नक्षी उघडी पडत नाही, वाहते. रेषा फुटतात, ग्लेझ खाली ओघळतं, जास्तच झालं तर धातूसारखी काळी तकाकी येते. सगळे रंग एकाच नियमाने चालत नाहीत, त्यामुळे ‘नक्षी बिघडली’ म्हणण्याऐवजी कोणत्या रंगाची बिघडली ते वहीत लिहा. माझ्या वहीत चार भट्ट्या नुसतं ‘निळं, पुन्हा तेच’ लिहिलेलं आहे, त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

रंगाचा थर कसा बसवायचा

सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे नक्षी बिस्कवर न काढता कच्च्या मातीवर काढणं. भांडं अर्धवट वाळलेलं, चामड्यासारखं झालं की रंग लावायचा आणि भांडं बिस्क करायचं. रंग मातीबरोबर आकसतो, बिस्कमध्ये मातीला धरतो, गोंद जळून जातो. त्यावर ग्लेझ लावाल तेव्हा रंगाची जागा बाकीच्या भांड्यासारखीच पाणी ओढते. चीनमधल्या जिंगदेझनच्या निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांवर कोबाल्टची चित्रं न भाजलेल्या, वाळलेल्या मातीवरच काढत, वर ग्लेझ लावत आणि एकदाच भाजत. तिथे ब्रश फिरला की फिरला, पुसायची सोय नाही. आपल्याला निदान मध्ये बिस्कचा टप्पा आहे.

बिस्कवरच चित्र काढायचं असेल, आणि कधीकधी काढायचं असतं कारण बिस्कवर चूक पुसता येते, तर दोन गोष्टी करा. एक, स्टेन नुसत्या पाण्यात कालवू नका. त्यात फ्रिट मिसळा. फ्रिट म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच. ती रंगाच्या कणांना धरून ठेवते आणि वरच्या ग्लेझशी जोडते. किती? मी वजनाने चौथ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंत अशा चाचणीच्या चार टाइल करून पाहिल्या. अर्ध्याला क्रॉलिंग पूर्ण गेलं, पण बारीक देठांच्या कडा विरघळल्या. चौथा हिस्सा पानांना पुरला नाही. मधला कुठला तरी आकडा तुमच्या रंगाला आणि तुमच्या ग्लेझला जुळेल, तो माझ्या आकड्याशी जुळेलच असं नाही, म्हणून टाइल करायचीच. सीएमसी गोंदाचे (सेल्युलोजपासून केलेला गोंद) एक-दोन थेंब ब्रशसाठी ठीक, चमचा नको.

दोन, नक्षी काढल्यावर भांडं पुन्हा एकदा हलकं भाजा. इंग्लंडमध्ये छापील निळी भांडी बनत, तेव्हा छपाईच्या शाईतलं तेल जाळण्यासाठी ग्लेझआधी अशीच एक वेगळी भाजणी करत. तेल राहिलं तर ग्लेझ धरणार नाही, हे त्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडे तेलाऐवजी गोंद आहे, एवढाच फरक. सातशे अंशांच्या आसपास गोंद पूर्ण जळतो. रंगात फ्रिट असेल तर रंगही मातीला धरायला लागतो. मूळ बिस्कपेक्षा वर जाऊ नका. बिस्क जितकं जास्त तापेल तितकं ते कमी पाणी ओढतं. कोन म्हणजे ठराविक आचेला वाकणारा छोटा सुळका, त्याच्या क्रमांकावरून आच सांगतात. कोन ०६ म्हणजे साधारण १००० अंश, कोन ०४ म्हणजे साधारण १०६०. या दोनांत पाणी शोषण्याचा फरक हाताला कळतो.

आणि थर पातळ ठेवा. मोठं पान एकाच दाट हाताने भरण्याऐवजी त्यात शिरा मोकळ्या सोडल्या, तर त्या मोकळ्या रेषांतून ग्लेझ मातीला पकडतं आणि दोन्ही बाजूंचा रंग सांभाळून नेतं. हे मला अपघाताने कळलं. एका कपावर घाईत शिरा भरायच्या राहिल्या होत्या, आणि त्या भट्टीत तेवढाच कप धड निघाला. आता मुद्दाम सोडते. चित्रही जास्त जिवंत दिसतं.

आता बादलीकडे

नक्षीचा थर सुधारून मग ग्लेझच्या जाडीकडे वळा, आधी नाही. दोन्ही एकदम बदलले तर कशाने गुण आला ते कधीच कळत नाही.

जाडी डोळ्यांनी ठरवणारे लोक असतात, मी त्यातली नाही. शंभर मिलिलिटर ग्लेझ वजन करा. १४५ ग्रॅम भरलं तर घनता १.४५. बुडवून लावायच्या बहुतेक स्टोनवेअर (जास्त आचेवर भाजायच्या भांड्यांच्या) ग्लेझना १.४० ते १.५० मधला आकडा चालतो, पण खरा आकडा तुमच्या बादलीचा. ज्या दिवशी भांडी चांगली निघाली त्या दिवशीचा आकडा झाकणावर लिहून ठेवा. आठवडाभर बादली बंद राहिली की पाणी वर येतं, आपण ढवळतो, वाटतं जाड आहे, पाणी घालतो. किंवा वरचं पाणी काढून टाकलेलं विसरतो आणि बुडवत सुटतो. वजनकाटा यातलं काही विसरत नाही.

बुडवण्याचा वेळ तीन आकडे मोजण्याइतका. मग सुई टोचून पाहा. वाळलेला थर एटीएम कार्डाच्या जाडीच्या आसपास असावा. दुप्पट झाला तर कान जोडलेल्या कोपऱ्यात तिप्पट झालेला असणार, कारण ग्लेझ तिथे साचतं. कोपऱ्यातला थर दोन भिंतींना धरून वाळतो, दोन्हीकडे आकसतो आणि मधोमध फाटतो. ग्लेझ लावल्यावर त्या कोपऱ्यातून ओला ब्रश फिरवून साचलेलं काढून टाका. याला दुसरा उपाय शोधू नका.

पातळ भिंतीच्या कपांची एक वेगळी गंमत आहे. आत ग्लेझ ओतून लगेच बाहेरून बुडवलं तर बाहेरच्या ग्लेझला प्यायला पाणी उरत नाही, भिंत आतूनच भिजून गेलेली असते. बाहेरचं ग्लेझ लवकर वाळत नाही, आणि वाळतं तेव्हा फोड धरतं. आत आज, बाहेर उद्या. ताटल्यांना कधी त्रास झाला नाही आणि कपांना सतत झाला, त्यातलं निम्मं कोडं मला इथे सुटलं.

ग्लेझवर ग्लेझ लावत असाल तर पहिला थर अजून दमट, स्पर्शाला थंड असतानाच दुसरा लावा. पूर्ण वाळलेल्या पहिल्या थरावर दुसरा ओला थर घातला की पहिला पुन्हा भिजतो, फुगतो, मातीवरून सुटतो. एका थरावर दुसऱ्या दिवशीच काम करायचं असेल तर खालच्या ग्लेझमध्ये थोडा सीएमसी गोंद घाला, म्हणजे तो थर कडक राहतो. गोंद घातलेली बादली मात्र काही आठवड्यांत वास मारायला लागते.

रेसिपीत माती जास्त असेल तर

हे सगळं करूनही कोऱ्या भागावर बेटं होत असतील, तरच रेसिपी उघडा. केओलिन (पांढरी चिनी माती) आणि बॉल क्ले (चिकट, बारीक माती) मिळून वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर असतील तर ग्लेझ वाळताना जास्त आकसतं. बॉल क्ले केओलिनपेक्षा बारीक, म्हणून आकसण्यात तिचा वाटा मोठा. माती कमी करायची तर नाही, कारण अ‍ॅल्युमिना आणि सिलिका तिच्यातूनच येतात, शिवाय तीच बादलीतलं बाकीचं साहित्य तरंगत ठेवते. मग निम्मं केओलिन भाजून घ्या. बिस्क केलेल्या वाडग्यात पूड भरून बिस्कच्या भट्टीत ठेवली की झालं. भाजलेलं केओलिन पाण्यात फुगत नाही आणि वाळताना आकसत नाही.

इथे वजनाची चूक हमखास होते. केओलिनच्या कणांत रासायनिक पाणी असतं, साधारण १४ टक्के, आणि ते ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान निघून जातं. म्हणजे भाजल्यावर शंभर ग्रॅमचे साधारण ८६ ग्रॅम उरतात. रेसिपीत केओलिन २० असेल, तर १० कच्चं आणि १० भाजलेलं नव्हे. १० कच्चं आणि ८.६ भाजलेलं. वजन तसंच ठेवलंत तर अ‍ॅल्युमिना वाढतं, ग्लेझ आणखी ताठ होतं आणि आपण ज्यासाठी हे केलं तेच उलट्या दिशेने जातं. सगळंच्या सगळं भाजू नका, बादलीच्या तळाला सिमेंट तयार होईल.

झिंक ऑक्साइड असेल तर तेही भाजलेलं वापरा, कच्चं खूप बारीक असतं आणि आकसतं. हलकं मॅग्नेशियम कार्बोनेट तर या सगळ्यांचा बाप. काही कारागीर तेच मुद्दाम भरपूर घालतात, वीस-तीस टक्के आणि त्याहून वर, आणि दगडफुलासारखी फुटलेली बेटं मिळवतात. वितळलेल्या ग्लेझमध्ये मॅग्नेशिया पृष्ठताण वाढवतो, कच्च्या ग्लेझमध्ये ते कार्बोनेट प्रचंड आकसतं. म्हणजे दोन्हीकडून ओढाताण. तुमच्या रेसिपीत ते जरासंच असलं तरी संशयितांच्या यादीत त्याला वर ठेवा.

पांढऱ्या अपारदर्शक ग्लेझमध्ये झिरकॉन असतं, तेही वितळलेल्या ग्लेझला ताठ करतं. नितळ ग्लेझ खाली नक्षी सांभाळतं आणि पांढरं ग्लेझ त्याच नक्षीवर फाटतं, त्याचं हे एक कारण. थोडी बोरॉनची फ्रिट वाढवली की पृष्ठताण उतरतो. पण फ्रिट वाढली की ग्लेझ जास्त वाहतं आणि बाकीचा तोल बदलतो, म्हणून दोन-दोन टक्क्यांनी जा.

बाकीचं पटकन

धूळ: सॅंडपेपर बिस्कवर चालवलात तर ती भुकटी छिद्रांत बसते. ओल्या स्पंजने पुसा आणि मग भांडं दिवसभर वाळू द्या, नाहीतर धुळीचा प्रश्न सोडवून ओलाव्याचा विकत घ्याल. हात: हँडक्रीम लावून बिस्क उचलू नका. मेण: बुडाला मेण लावताना थेंब नक्षीवर पडला तर पुसून जात नाही, भांडं पुन्हा बिस्क करावं लागतं. मी खरवडून पाहिलंय, कपडा तापवून पाहिलंय, काही होत नाही.

ओलावा: ग्लेझ लावून त्याच संध्याकाळी भट्टी भरू नका. भरावीच लागली तर शंभर-एकशे वीस अंशांपर्यंत हळू जा आणि तिथे अर्धा-एक तास थांबा. भिंतीत अडकलेलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं ते ग्लेझच्या थरातूनच. नक्षीचा कमकुवत थर त्या वाफेला पहिल्यांदा वाट देतो. कच्चं असताना निर्दोष दिसलेलं ग्लेझ भट्टीत सुटलं, तर मी आधी हेच तपासते.

आच कमी पडली का, हेही बघा. कंट्रोलरवर आकडा बरोबर आला म्हणजे काम झालं असं नाही. ऑर्टन कंपनीचा कोन ६ ताशी ६० अंशांच्या गतीने १२२२ अंशांना वाकतो, ताशी १५० च्या गतीने १२४३ अंशांना. वेगाने चढलेल्या भट्टीत १२२२ ला थांबलात तर ग्लेझ अर्धवट वितळलेलं राहतं, आणि अर्धवट वितळलेलं ग्लेझ भेग बुजवत नाही. प्रत्येक शेल्फवर साक्षीला एक कोन ठेवा. मी तो वाचवण्याचा शहाणपणा दोनदा केला.

आणि ती टाचणीची भोकं. ती वायूची असतात. मातीतला कार्बन बिस्कमध्ये नीट जळला नाही, की ग्लेझ वितळताना त्याचा वायू भोक पाडून निघतो. बिस्क सावकाश करा. ग्लेझच्या भट्टीत वरच्या तापमानावरून पन्नासेक अंश खाली येऊन अर्धा तास थांबलं की बरीच भोकं बुजतात. क्रॉलिंगवर हा उपाय चालत नाही. ग्लेझ एकदा मागे सरकलं की थांबून राहिल्याने पुढे येत नाही.

गंमत अशी की जपानी चहा-समारंभातल्या इदो नावाच्या वाडग्यांच्या बुडाशी ग्लेझ असंच मण्यामण्यांनी गोळा झालेलं असतं, आणि जपानी रसिकांनी त्या दोषाला ‘काइरागी’ असं नाव देऊन डोक्यावर घेतलं. माझ्या कपांना ते नाव लावून बघितलं. घरात कोणी फसलं नाही.

बिघडलेलं भांडं वाचतं का?

कधीकधी. उघडी जागा लहान असेल तर भांडं हाताला सोसवेल इतकं गरम करा, म्हणजे ग्लेझमधलं पाणी लगेच उडेल. वितळून काच झालेल्या भांड्याला आता छिद्रं उरलेली नसतात, ते पाणी पिणार नाही. ग्लेझ थोडं दाट करून त्यात सीएमसी गोंद घाला, उघड्या जागेवर बारीक ब्रशने टिपा, कडेच्या जाड वळीवर शक्यतो नको. पुन्हा त्याच कोनला भाजा. माझी साधारण निम्मी भांडी अशी सावरली. उरलेल्यांत त्याच जागी आणखी मोठं टक्कल पडलं, कारण खालचा रंग तोच, भुसभुशीत. दुसऱ्या भाजणीत बाकीच्या नक्षीचा रंग किंचित बदलतो, सहा कपांचा संच असेल तर एकच सुधारलेला कप वेगळा उठून दिसतो.

ग्लेझ कपाच्या आतल्या बाजूने किंवा काठावर गोळा झालं असेल, आणि उघडा पडलेला भाग रंगाचा असेल, तर तो कप पिण्यासाठी वापरू नका. स्टेन आणि ऑक्साइडं काचेखाली असतात तोवर ठीक, उघडी असली की आंबट पेयांत उतरू शकतात. बाहेरच्या पोटावर उघडं पान राहिलं असेल तर वापरायला हरकत नाही, फक्त वळीची कड बोटाने चाचपून घ्या. त्या सहांतले चार कप माझ्या टेबलावर ब्रश ठेवायला आहेत. पाचवा पुन्हा भाजला तेव्हा शेल्फला चिकटला. सहावा मी टेस्ट टाइलशी ताडून पाहायला ठेवला, आणि फ्रिटचं प्रमाण त्या टाइलवरच ठरलं.